नाकाच्या पुनर्रचनेत हाड आणि कूर्चेचे ग्राफ्ट : नव्याने शिकणाऱ्या शल्यविशारदांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत, अपघातात, भाजल्यामुळे किंवा संसर्गाने नाकाचा भाग गेला की तो भरून काढण्याच्या विचारात शिकणाऱ्याचे लक्ष आधी त्वचेकडे जाते, कारण डोळ्यांना दिसते ती त्वचाच. कपाळावरचा फ्लॅप (रक्तपुरवठा कायम ठेवून सरकवलेला त्वचेचा तुकडा) किती लांब घ्यावा, त्याचा देठ, म्हणजे त्याला रक्त आणणारा जोडलेला भाग, कोणत्या बाजूला ठेवावा, कपाळाची जखम कशी मिटवावी, यावर पुष्कळ चर्चा होते. पण वर्षभराने ते नाक कसे दिसेल आणि त्यातून श्वास किती मोकळा जाईल, हे त्वचेखाली बसवलेला हाडाचा आणि कूर्चेचा (कार्टिलेजचा) आधार ठरवतो. हा आधार ग्राफ्टने, म्हणजे दुसऱ्या जागेहून काढून आणलेल्या, सोबत रक्तपुरवठा नसलेल्या तुकड्याने देतात. आधाराविना राहिलेला मऊ भाग व्रण आखडू लागला की गोळा होतो, वर ओढला जातो आणि नाकपुडीचे भोक बारीक करतो. १७९४ साली भारतातील कपाळाच्या त्वचेच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत लंडनच्या मासिकात छापून आला, १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी ती पद्धत इंग्लंडमध्ये वापरली आणि पुढे युरोपभर अशी नाके घडू लागली. त्यांतली पुष्कळशी कालांतराने आकसली, कारण त्यांना आतून अस्तर नव्हते आणि मधे आधार नव्हता. आजचे सर्व नियोजन या अनुभवावर उभे आहे.

हा लेख प्लास्टिक सर्जरी किंवा कान-नाक-घसा विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आणि अशा शस्त्रक्रियांत नुकतेच साहाय्य करू लागलेल्या डॉक्टरांसाठी आहे. अनुभवी शिक्षकाच्या हाताखालीच ही कामे शिकावीत, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. तरीही बरगडी आणि कवटी या दोन जागांच्या बाबतीत मी ते आग्रहाने सांगतो.

पहिली पायरी : तीन थर वेगवेगळे मोजणे

नाक तीन थरांचे असते. बाहेर त्वचेचे आवरण, आत श्लेष्मल त्वचेचे अस्तर आणि दोहोंच्या मधे आधार. दोष तपासताना या तिन्ही थरांची हानी स्वतंत्रपणे लिहून काढावी, कारण तिघांचे आकार क्वचितच सारखे असतात. बाहेर लहान दिसणाऱ्या जखमेखाली अस्तराची मोठी हानी असू शकते आणि त्वचा धड दिसत असूनही पडदा पूर्ण गेलेला असू शकतो.

आधाराची रचना मनात पक्की असायला हवी. नाकाचा वरचा सुमारे एक तृतीयांश भाग हाडाचा आहे: दोन नासास्थी आणि त्यांच्या बाजूंना वरच्या जबड्याच्या हाडाचे वर गेलेले फाटे. खालचा दोन तृतीयांश भाग कूर्चेचा आहे. मध्यभागी नाकाचा पडदा असतो. त्याचा पुढचा भाग चौकोनी कूर्चेचा, मागचा वरचा भाग एथमॉइडच्या उभ्या पत्र्याचा आणि मागचा खालचा भाग व्होमर हाडाचा. नासास्थींची खालची कड, वरच्या बाजूच्या कूर्चा आणि पडदा जिथे एकत्र येतात त्या सांध्याला कीस्टोन म्हणतात. हा सांधा सुटला तर नाकाचा दांडा मधेच खचतो. शेंड्याचा आकार खालच्या दोन कूर्चांवर अवलंबून असतो. त्यांची बाहेरची फांदी नाकपुडीच्या कडेने शेवटपर्यंत जात नाही. ती वर वळते आणि नाकपुडीच्या बाहेरच्या भिंतीचा, म्हणजे अ‍ॅलाचा, बराचसा भाग केवळ घट्ट तंतुमय चरबीचा राहतो.

ही शेवटची गोष्ट पुनर्रचनेत निर्णायक ठरते. मूळ अ‍ॅलामध्ये कूर्चा नसते म्हणून नव्या अ‍ॅलामध्येही ती नको, असे अनुमान नवशिका सहज काढतो आणि ते चुकीचे आहे. मूळ अ‍ॅलाची ऊती घट्ट असते आणि तिच्यावर व्रणाचा ताण नसतो. तिथे फ्लॅपची मऊ त्वचा आणली की बरी होताना ती आकसते, नाकपुडीची कड वर चढते आणि श्वास आत घेताना भिंत आत ओढली जाते. म्हणून मूळ रचनेत जिथे कूर्चा नव्हती तिथेही नव्या नाकात ती बसवावी लागते. शरीररचनेची नक्कल करण्यापुरता ग्राफ्टचा विचार करू नये. व्रणाच्या ओढीला तो किती तोंड देईल, याचाही हिशेब धरावा.

श्वासाच्या दृष्टीने सर्वांत अरुंद जागा आतल्या व्हॉल्व्हची. पडदा आणि वरच्या बाजूच्या कूर्चेची खालची कड यांच्यातला कोन अनेकांत साधारण १० ते १५ अंशांचा असतो. बाजूची भिंत गेली असेल तर हा कोन उघडा ठेवणारा ग्राफ्ट नियोजनात आधीच धरावा, कारण बाहेरून सुबक दिसणारे पण श्वास कोंडणारे नाक रुग्णाला रोज जाचते.

दुसरी पायरी : आराखडा

१९८५ साली बर्जेट आणि मेनिक यांनी नाकाच्या पृष्ठभागाचे उपविभाग ध्यानात घेऊन पुनर्रचना करण्याचे तत्त्व मांडले. दांडा, शेंडा आणि कॉल्युमेला (दोन नाकपुड्यांच्या मधला खांब) हे तीन मधले भाग, आणि बाजूची भिंत, अ‍ॅला व मऊ त्रिकोण (शेंडा आणि नाकपुडीची कड यांच्यामधला छोटा कोपरा) हे दोन्ही बाजूंचे मिळून सहा, असे नऊ उपविभाग धरले जातात. या सीमांवर उजेड आणि सावली बदलते, म्हणून टाक्यांच्या रेषा तिथे लपतात. ग्राफ्टच्या बाबतीतही हे तत्त्व उपयोगी आहे: प्रत्येक उपविभागाला त्याच्या आकाराचा स्वतंत्र आधार द्यावा आणि सगळे तुकडे एकमेकांना शिवून एकसंध चौकट तयार करावी.

नाकाची एक बाजू शाबूत असेल तर तिच्यावरून निर्जंतुक पातळ धातूच्या कागदाचा साचा घ्यावा आणि तो उलटा करून दुसऱ्या बाजूसाठी वापरावा. दोषाच्या कडांवरून साचा घेऊ नये, कारण जुनी जखम आकसलेली असते आणि ताजी जखम सुजून ताणलेली असते. समोरून, दोन्ही बाजूंनी, दोन्ही तिरक्या कोनांतून आणि खालून अशी छायाचित्रे एकाच प्रकाशात घ्यावीत. बरगडीची कूर्चा किंवा कवटीचे हाड लागण्याची शक्यता असेल तर सीटी स्कॅन करून घ्यावा. वय वाढते तशी बरगडीच्या कूर्चेत कॅल्शियम साचते आणि ती कोरताना तडकते, हे आधी कळलेले बरे.

तिसरी पायरी : थांबायचे कधी

कर्करोगाच्या कडा रोगमुक्त असल्याचा पॅथॉलॉजीचा अहवाल हातात येईपर्यंत ग्राफ्ट बसवू नये. जखमेत संसर्ग असेल तर आधी तो आटोक्यात आणावा. ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस (रक्तवाहिन्यांच्या दाहाचा आजार), कुष्ठरोग किंवा लीशमॅनियासिस (परजीवीचा संसर्ग) यांनी नाक गेले असेल, तर संबंधित तज्ज्ञाने रोग शांत झाल्याचे सांगेपर्यंत पुनर्रचना पुढे ढकलावी, नाहीतर नवा आधारही त्याच रोगाला बळी पडतो. कोकेनचे सेवन चालू असेल तर तेच लागू होते. किमान चार आठवडे आधी धूम्रपान पूर्ण बंद करायला सांगावे. किरणोपचार झालेल्या जागेत रक्तपुरवठा क्षीण असतो. तिथे ग्राफ्ट ठेवण्यापूर्वी बाहेरून ताजा रक्तपुरवठा असलेली ऊती आणावी लागते.

लहान मुलांमध्ये पडद्याची कूर्चा चेहऱ्याच्या मध्यभागाच्या वाढीला हातभार लावत असते, म्हणून तिला शक्यतो हात लावू नये. वाढ संपल्यावर आणखी शस्त्रक्रिया लागेल, हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगावे.

चौथी पायरी : कूर्चा की हाड, आणि कुठून

कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पेशी आजूबाजूच्या द्रवातून झिरपणाऱ्या पोषणावर जगतात आणि त्यांची गरजही कमी असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना जिवंत ऊती मिळाली तर कूर्चेचा ग्राफ्ट फारसा न विरघळता टिकतो. हाडाचे तसे नाही. हाडाच्या ग्राफ्टमध्ये नव्या रक्तवाहिन्या शिराव्या लागतात, जुने हाड हळूहळू विरघळून त्याच्या जागी नवे तयार व्हावे लागते आणि त्यासाठी तो रुग्णाच्या जिवंत हाडाला घट्ट चिकटून, अजिबात न हलता राहावा लागतो. हलणारा हाडाचा ग्राफ्ट विरघळतो. यावरून वापराचा नियम आपोआप निघतो. दांड्याच्या वरच्या भागात, जिथे खाली कपाळाचे किंवा नासास्थींचे हाड उपलब्ध आहे, तिथे हाड शोभते. शेंडा, कॉल्युमेला आणि अ‍ॅला हे हलणारे, लवचिक भाग आहेत. तिथे कूर्चाच हवी. हाड शेंड्यापर्यंत नेले तर शेंडा काठीसारखा ताठ होतो, धक्क्याने ग्राफ्ट मोडू शकतो आणि टोकावरची त्वचा झिजून हाड उघडे पडू शकते.

कूर्चेसाठी पहिली पसंती पडद्याला द्यावी. ती सरळ, पुरेशी कडक असते आणि त्याच शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात मिळते. ती काढताना दांड्याच्या बाजूला आणि पुढच्या खालच्या कडेला किमान १० मिलिमीटर रुंदीची एल आकाराची पट्टी अखंड ठेवावी आणि कीस्टोनच्या सांध्याला धक्का लावू नये. शक्य असेल तर १५ मिलिमीटर ठेवणे अधिक सुरक्षित. मोठ्या हानीत मात्र पडदाच गेलेला असतो किंवा त्याची श्लेष्मल त्वचा अस्तरासाठी लागते, त्यामुळे या स्रोतावर फार विसंबून राहता येत नाही.

कानाच्या खोलगट भागातली कूर्चा मुळातच वळणदार आणि लवचिक असते. अ‍ॅलाची कड, शेंड्याचा गोलावा आणि लहान उणिवा यांसाठी ती उत्तम. सरळ, ताण पेलणाऱ्या खांबासाठी ती कमी पडते. दोन तुकडे पाठीला पाठ लावून शिवले तर वळण एकमेकांना छेदते आणि थोडी ताकद मिळते.

संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण नाक घडवायचे असेल तर बरगडीच्या कूर्चेला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सहावी, सातवी आणि आठवी बरगडी सर्वाधिक वापरली जाते. साहित्य भरपूर मिळते, कडकपणा हवा तेवढा असतो, आणि हाड व कूर्चा यांच्या सांध्यासह तुकडा घेतला तर वरचा हाडाचा भाग नासास्थींना जोडता येतो आणि खालचा कूर्चेचा भाग शेंड्याकडे नेता येतो. तिचा मोठा दोष म्हणजे कोरल्यानंतर वाकण्याची प्रवृत्ती. तिच्याविषयी पुढे सविस्तर येईल.

हाडासाठी कवटीच्या बाजूच्या (पॅरायटल) हाडाचा बाहेरचा थर चांगला. कमरेच्या हाडापेक्षा तो कमी विरघळतो, केसांत व्रण झाकला जातो आणि दुखणेही कमी असते. तो कडक पण ठिसूळ असल्यामुळे बारीक आकार देणे मात्र कठीण जाते.

सिलिकॉन, सच्छिद्र पॉलिइथिलिन यांसारख्या कृत्रिम साहित्याचा मोह मोठा असतो, कारण शरीरावर दुसरी जखम करावी लागत नाही. सौंदर्यशस्त्रक्रियेत त्यांना काही स्थान असेल. परंतु पातळ फ्लॅपखाली, नव्याने शिवलेल्या अस्तराशेजारी, जिवाणूंनी भरलेल्या पोकळीला लागून ते ठेवणे म्हणजे संसर्गाला आणि साहित्य बाहेर पडण्याला आमंत्रण आहे. दात्याच्या प्रक्रिया केलेल्या बरगडीच्या कूर्चेत हा धोका कमी, पण ती विरघळण्याची शक्यता रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चेपेक्षा जास्त धरली जाते.

पाचवी पायरी : ग्राफ्ट काढणे

कानासाठी छेद मागच्या बाजूने घेतला तर व्रण दिसत नाही. अ‍ॅड्रिनॅलिनयुक्त स्थानिक भूल कूर्चेच्या पृष्ठभागाला लागून टोचली की त्वचा सहज सुटते. अँटिहेलिक्सची (कानाच्या आतल्या उंचवट्याची) घडी आणि हेलिक्सच्या (कानाच्या बाहेरच्या कडेच्या) मुळाजवळची पट्टी जागेवर राहिली तर कानाचा आकार बिघडत नाही. शेवटी दोन्ही बाजूंनी आरपार टाक्यांनी बोळा बांधावा, म्हणजे पोकळीत रक्त साचणार नाही. येथवर काम सोपे आहे.

बरगडीचे काम धिम्या गतीने करावे. स्त्रियांमध्ये स्तनाखालच्या घडीजवळ आणि पुरुषांमध्ये थेट बरगडीवर साधारण ३ ते ५ सेंटिमीटरचा छेद पुरतो. बारीक सुईने टोचून पाहिले की कूर्चा कुठे संपते आणि हाड कुठे सुरू होते ते कळते. कूर्चेत सुई शिरते, हाडावर अडते. स्नायू कापण्याऐवजी तंतूंच्या दिशेने दूर सारले तर नंतरचे दुखणे कमी होते. पुढचे कूर्चावरण उभे छेदून टोकांना आडवे छेद द्यावेत आणि ते दोन्ही बाजूंना सोलून काढावे. बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिन्या आणि चेता जातात, हे सतत ध्यानात असावे. मागचे कूर्चावरण फुफ्फुसावरणाला लागून असते. ते अखंड राहील अशा रीतीने वाकड्या एलेव्हेटरने (थर सोलण्याच्या बोथट हत्याराने) कूर्चा मागून सोडवावी आणि आवरणाला राखूनच कापावी.

ग्राफ्ट निघाल्यावर जखमेत सलाइन भरावे आणि भूलतज्ज्ञाला फुफ्फुसे फुगवून धरायला सांगावे. बुडबुडे आले नाहीत तर थर मिटवावेत. बुडबुडे आले तर घाबरू नये: छिद्रातून मऊ रबरी नळी आत सोडावी, भोवती टाका घ्यावा, फुफ्फुसे फुगवलेली असताना नळीतून हवा ओढून घेत ती काढावी आणि टाका आवळावा. नंतर छातीचा एक्स-रे अवश्य करावा. फुफ्फुसालाच इजा झाली असेल तर हा उपाय पुरणार नाही, छातीत नळी ठेवावी लागेल. बुडबुडे आले नाहीत तरी पुढच्या काही तासांत श्वास आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवण्याची सूचना लेखी द्यावी. आंतरबरगडी चेतांना लांब टिकणारी भूल दिली तर रुग्ण खोल श्वास घेऊ शकतो.

कवटीचा बाहेरचा थर काढताना मध्यरेषेपासून किमान २ सेंटिमीटर दूर राहावे, कारण मध्यरेषेखाली मोठी शिरा असते. बाहेरच्या थरात चौफेर चर पाडावी; हाडातून रक्त झिरपू लागले की मधला मऊ थर लागला, असे समजावे आणि तिथेच थांबावे. चरीची बाहेरची कड तिरकी झिजवली म्हणजे ऑस्टिओटोम (हाड कापण्याची छिन्नी) जवळजवळ आडवा घालता येतो. तो उभा धरला तर आतला थर फुटून मेंदूच्या आवरणाला इजा होऊ शकते. बर (हाड झिजवणारे फिरते टोक) चालताना सतत पाण्याची धार सोडावी. लहान मुलांत मधला थर विकसित झालेला नसतो, म्हणून त्यांच्यात ही पद्धत टाळावी.

सहावी पायरी : कोरणे

१९५८ साली गिब्सन आणि डेव्हिस यांनी कूर्चा का वाकते हे दाखवून दिले. तिच्या बाहेरच्या थरांत ताण साठवलेला असतो. एका बाजूचा थर काढला आणि दुसऱ्या बाजूचा राहिला की तोल जातो आणि तुकडा वाकतो. उपाय तोल राखण्यात आहे. दांड्यासाठीचा ग्राफ्ट बरगडीच्या गाभ्यातून, चारही बाजूंनी सारखी जाडी काढत कोरावा. थोडे कोरून तुकडा सलाइनमध्ये ठेवावा, अर्धा तास जाऊ द्यावा, तो कोणत्या दिशेने वळतो ते पाहावे आणि मग पुढचे कोरणे ठरवावे. या वेळात फ्लॅप किंवा अस्तराचे काम करता येते, म्हणून बरगडी शस्त्रक्रियेच्या सुरुवातीलाच काढलेली चांगली. वाकण्याचा बराचसा भाग पहिल्या तासाभरात दिसतो, सगळा नाही. म्हणून तुकडा वळलाच तर त्याचे वळण उपयोगी पडेल अशा ठिकाणी तो लावावा. कडेचे वळणदार काप अ‍ॅलासाठी उत्तम चालतात.

मापे रुग्णागणिक बदलतात, पण हाताशी काही अंदाज असावेत. कॉल्युमेलाचा खांब साधारण २० ते २५ मिलिमीटर लांब आणि ३ ते ४ मिलिमीटर रुंद असतो. आतला व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा स्प्रेडर ग्राफ्ट, जो १९८४ साली शीन यांनी मांडला, तेवढाच लांब आणि १ ते २ मिलिमीटर जाड असतो. तो पडदा आणि वरच्या बाजूच्या कूर्चा यांच्यामध्ये बसतो. अ‍ॅलाची पट्टी कडेने, शेंड्यापासून नाकपुडीच्या पायथ्यापर्यंत जाईल इतकी लांब असावी आणि तिचे मागचे टोक पायथ्याच्या ऊतीत केलेल्या खिशात रुतवावे. अधांतरी सोडलेले टोक आत वळते. सगळ्या कडा तिरक्या झिजवाव्यात, कारण सूज उतरल्यावर पातळ त्वचेतून धारदार कड स्पष्ट दिसते.

दांड्याचा केवळ पृष्ठभाग भरायचा असेल, ताण पेलायचा नसेल, तर कूर्चेचे १ मिलिमीटरपेक्षा बारीक तुकडे करून ते कानशिलाच्या फॅशियाच्या (स्नायूवरच्या पातळ पडद्याच्या) पिशवीत भरून ठेवता येतात. असा ग्राफ्ट वाकत नाही आणि बोटाने दाबून आकार देता येतो. पण तो आधार नव्हे, केवळ भराव आहे. खचलेल्या दांड्याखाली आधी चौकट हवी.

सातवी पायरी : बसवणे, आणि केव्हा बसवायचे

चौकट खालून वर उभारावी. आधी मधला आधार, म्हणजे पडदा किंवा त्याच्या जागी उभा केलेला, पुढच्या नासाकंटकाला (नाकाच्या पायथ्याशी पुढे आलेल्या हाडाच्या टोकाला) टाक्याने किंवा स्क्रूने पक्का केलेला खांब. मग दांडा. हाडाचा ग्राफ्ट असेल तर खालच्या हाडाचा पृष्ठभाग खरवडून ताजा करावा आणि लॅग स्क्रूने किंवा लहान प्लेटने ग्राफ्ट घट्ट बसवावा. एका स्क्रूवर तो फिरू शकतो, म्हणून पकड दोन ठिकाणी असावी. दांड्याचे खालचे टोक कॉल्युमेलाच्या खांबाला खाच पाडून जोडले तर दोन्ही एकमेकांना धरून राहतात. त्यानंतर बाजूच्या भिंती, मग अ‍ॅलाच्या पट्ट्या आणि शेवटी शेंडा. शिवताना तुकडे बारीक सुयांनी तात्पुरते रोवून ठेवावेत आणि डोक्याच्या बाजूने व पायांच्या बाजूने पाहून सरळपणा तपासावा. अस्तर चौकटीला ठिकठिकाणी विरघळणाऱ्या टाक्यांनी चिकटवून घ्यावे, म्हणजे मधे पोकळी राहत नाही.

आता काळाचा प्रश्न, आणि माझ्या मते नव्याने शिकणाऱ्याने सर्वाधिक वेळ इथे द्यावा. कूर्चा कोणत्या दिवशी बसवायची, हे अस्तर कशाचे आहे यावर ठरते. अस्तर रक्तपुरवठा असलेल्या फ्लॅपचे असेल, उदाहरणार्थ पडद्याच्या किंवा नाकाच्या आतल्या श्लेष्मल त्वचेचे, तर त्याच दिवशी कूर्चा बसवता येते. तिला खालून अस्तर आणि वरून कपाळाचा फ्लॅप असे दोन्हीकडून पोषण मिळते. अस्तर म्हणून त्वचेचा ग्राफ्ट वापरला असेल तर मात्र तो स्वतःच वरच्या फ्लॅपमधून जगणार असतो. मधे कूर्चा घातली तर ती त्वचेच्या ग्राफ्टचे पोषण तोडते, त्वचा मरते, कूर्चा नाकाच्या पोकळीत उघडी पडते आणि दोन्ही जातात.

अशा वेळी कपाळाच्या फ्लॅपची तीन टप्प्यांची पद्धत उपयोगी पडते. पहिल्या टप्प्यात फ्लॅप पूर्ण जाडीचा, स्नायूसह आणून बसवतात. अस्तरासाठी त्याचेच टोक आत दुमडता येते किंवा त्याच्या आतून त्वचेचा ग्राफ्ट लावता येतो. साधारण तीन ते चार आठवड्यांनी अस्तर भोवतालच्या ऊतीतून रक्त घेऊ लागलेले असते. दुसऱ्या टप्प्यात देठ न तोडता फ्लॅपची त्वचा पातळ थरात उचलतात, खालची जादा चरबी आणि स्नायू काढून टाकतात, पातळ झालेल्या अस्तरावर कूर्चेची संपूर्ण चौकट उभारतात आणि त्वचा परत पसरतात. आणखी तीन ते चार आठवड्यांनी तिसऱ्या टप्प्यात देठ कापतात. आधार पहिल्या दिवशी नाही, तरी व्रण कायमचा आखडण्यापूर्वी आणि देठाचा रक्तपुरवठा शाबूत असतानाच बसतो, हे या पद्धतीचे मर्म आहे. देठ कापून, नाक स्थिर झाल्यावर वर्षभराने आधार घालू, असे म्हणणाऱ्याला आकसलेली कातडी आणि बुजलेली नाकपुडी हाती येते. तेव्हा कितीही कडक बरगडी घातली तरी आत तिला जागाच नसते.

आठवी पायरी : नंतरची काळजी

पहिल्या काही दिवसांत फ्लॅपचा रंग आणि उष्णता दर काही तासांनी पाहावी. फ्लॅप निळसर पडला तर टाके सैल करण्यास उशीर लावू नये, आणि खाली रक्त साचले असेल तर ते तत्काळ काढावे, कारण रक्ताचा थर कूर्चेला तिच्या पोषणापासून तोडतो. दांड्यावर हलकी स्प्लिंट साधारण आठवडाभर ठेवतात, फ्लॅपवर दाब येणार नाही अशा बेताने. नाकपुडीत मऊ सिलिकॉनची नळी काही आठवडे ठेवल्यास भोक गोल राहते. नाक शिंकरू नये, शिंक तोंड उघडून द्यावी आणि चष्मा निदान सहा आठवडे दांड्यावर टेकवू नये.

लाली, वाढते दुखणे किंवा पू दिसला तर केवळ गोळ्या बदलत बसू नये. जखम उघडून, नमुना तपासणीला पाठवून ती सलाइनने धुवावी; लवकर धुतले तर पुष्कळदा ग्राफ्ट वाचतो, आणि मृत, पिवळा, मऊ पडलेला भाग मात्र काढावाच लागतो. फ्लॅपच्या टोकाला काळेपणा येऊन कूर्चा उघडी पडली तर तिचा खरा शत्रू कोरडेपणा असतो. मलम आणि ओलसर ड्रेसिंगने ती सतत ओली ठेवावी. लहान उघडी जागा आजूबाजूच्या ऊतीने भरून येऊ शकते, मोठी असेल तर लवकरात लवकर जिवंत ऊतीने झाकावी.

ग्राफ्ट वाकणे, थोडा विरघळणे किंवा कड दिसणे या गोष्टी काही महिन्यांनी उमगतात. शेवटच्या टप्प्यानंतर सूज उतरून व्रण मऊ पडायला बराच काळ लागतो, म्हणून दुरुस्तीची घाई करू नये. अपवाद श्वास अडण्याचा आणि ग्राफ्ट उघडा पडण्याचा. रुग्णाला हे पहिल्या भेटीतच सांगावे, की दोन-तीन नियोजित टप्प्यांनंतर एखादी लहान दुरुस्ती हा उपचाराचाच भाग असतो.

या दुरुस्तीची तयारी पहिल्याच दिवशी करून ठेवता येते. उरलेली बरगडीची कूर्चा फेकू नये. छातीच्या त्याच जखमेत त्वचेखाली किंवा कानशिलाच्या केसाळ त्वचेखाली ती ठेवून दिली तर पुढच्या टप्प्यात किंवा नंतरच्या दुरुस्तीत बरगडी पुन्हा उघडावी लागत नाही. किती तुकडे, कोणत्या मापाचे, कोणत्या बाजूला आणि त्वचेपासून किती खोल ठेवले आहेत, हे शस्त्रक्रियेच्या नोंदीत आकृतीसह लिहावे आणि रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावरही नमूद करावे, कारण पुढची शस्त्रक्रिया कदाचित दुसऱ्याच डॉक्टरांच्या हातून होईल.